एआय येऊ द्या, पण आधी सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव येऊ द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) वापरण्याचे 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. तेव्हापासून वृत्तपत्रांतून ड्रोन, सेन्सर, उपग्रह आणि मोबाइलवरचा पीकसल्ला यांवर भरपूर लिहून येते. हे तंत्रज्ञान उपयोगाचे आहे, याबद्दल आमचा वाद नाही. पण कोरडवाहू भागातल्या गरीब शेतकरी कुटुंबाचा डिजिटल शेतीशी रोजचा संबंध कुठे येतो, तर ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटी (अनुदानाच्या अर्जांचे राज्याचे पोर्टल), पीकविमा आणि हमीभाव खरेदीची नोंदणी या पाच ठिकाणी. पैसा याच पाच दारांतून येतो आणि अडतोही इथेच. या कामाशी आमचा रोजचा संबंध असल्याने काय कुठे आणि का अडते, ते तपशिलाने मांडत आहोत.

आधी उत्पन्नाचा आकडा पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार (२०१८-१९) देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांपासून निव्वळ ३,७९८ रुपये आणि मजुरी-नोकरीतून ४,०६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात शेतीपेक्षा मजुरीचे पैसे जास्त येतात. म्हणूनच कोणत्याही पोर्टलची खरी किंमत त्याच्या शुल्कात मोजायची नसते. महाडीबीटीच्या अर्जाला २३ रुपये ६० पैसे लागतात, पण त्यासाठी तालुक्याला गेलेल्या माणसाचा रोज बुडतो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर धरला तरी ३१२ रुपये. वर गाडीभाडे, झेरॉक्स आणि सर्व्हर डाऊन असेल तर दुसरी फेरी. दहा एकर बागायत असलेल्याला ही फेरी जाणवत नाही. दीड एकरवाल्याला तिचा हिशेब ठेवावा लागतो.

आता ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची आणि ती गाव नमुना १२ वर चढायची, ही कल्पना उत्तम आहे. पूर्वी तलाठी सज्जात बसून गेल्या वर्षीचेच पीक उतरवून काढत, तो प्रकार त्यामुळे बराच कमी झाला. नोंदीचे टप्पे असे: विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक शोधायचा, मोबाइलवर आलेला सांकेतांक टाकायचा, मग खाते, गट, हंगाम, पिकाचा वर्ग, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरायची, शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि शेवटी नोंद अपलोड करायची.

चूक पहिल्यांदा होते ती पिकाच्या वर्गात. तिथे 'निर्भेळ पीक' (शेतात एकच पीक) हा पर्याय सोपा वाटतो, म्हणून सोयाबीन-तुरीच्या शेतात बहुतेक जण 'निर्भेळ' निवडून फक्त सोयाबीन लिहितात. ऑगस्टमध्ये तूर वीतभर असते, डोळ्यांत भरत नाही. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघून जाते. मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर घेऊन हमीभावाच्या केंद्रावर जायची वेळ आली की सातबाऱ्यावर तूरच नसते. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल होता. बाजारभाव त्याखाली असेल तर प्रत्येक क्विंटलमागचा फरक ऑगस्टमधल्या त्या एका चुकीपायी जातो. नोंद झाल्यावर दुरुस्तीला ४८ तास मिळतात, पण चूक कळते पाच महिन्यांनी. त्यामुळे आंतरपीक असेल तर मिश्र पिकाचा पर्याय घेऊन दोन्ही पिकांचे क्षेत्र ओळींच्या प्रमाणात भरावे. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असेल तर तीन एकरांत दोन एकर सोयाबीन व एक एकर तूर.

दुसरी अडचण जागेची. ॲप फोनच्या जीपीएसवरून तुम्ही गटाजवळ आहात का ते पाहते. नव्या पद्धतीत साधारण ५० मीटरच्या आत असावे लागते. साध्या फोनचे जीपीएस उघड्यावरसुद्धा पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवते. झाडाखाली किंवा लोकेशन नुकतेच चालू केलेले असताना जास्तच चुकते. त्यावर उपाय आहे: मोकळ्यावर उभे राहायचे, लोकेशन चालू करून दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि मगच फोटो घ्यायचा. पण गावनकाशाच सरकलेला असेल तर या उपायाचा उपयोग नाही. जुने कागदी नकाशे संगणकावर चढवताना अनेक गावांत गटाची हद्द प्रत्यक्ष बांधापासून सरकली आहे. शिवाय भावाभावांत तोंडी वाटण्या झालेल्या, पोटहिस्से मोजलेले नाहीत. माणूस आपल्या बांधावर उभा असतो आणि ॲप सांगते, तुम्ही गटाबाहेर आहात. थोरल्याची जमीन रस्त्याकडेची आणि धाकट्याची ओढ्याकडेची असेल तर दरवर्षी धाकट्याचीच नोंद अडते.

तिसरी गोष्ट बारीक दिसते, पण सर्वांत जास्त नुकसान तीच करते. नोंद फोनमध्ये साठवली म्हणजे ती पोहोचली असे नव्हे. शिवारात रेंज नसते. 'माहिती साठवली' एवढे वाचून माणूस घरी येतो, पुढे ॲप कधीतरी काढून टाकतो किंवा फोन बिघडतो. नोंदीची खात्री एकाच ठिकाणी होते, गावची यादी किंवा प्रत्यक्ष सातबारा उतारा पाहून. विनास्वाक्षरीचा उतारा संकेतस्थळावर फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत मिळतो. मुदत संपण्याआधी आठ दिवस तो पाहिला तर दुरुस्तीला वाव राहतो.

शेतकऱ्याकडून राहिलेली नोंद पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकाने करायची असते. त्याला मोबदला प्लॉटमागे मिळतो, दिवसामागे नाही. साहजिकच रस्त्याकडेचे प्लॉट आधी होतात, ओढ्यापलीकडचे शेवटी, आणि तेही पुष्कळदा बांधावरूनच. यात सहायकाला दोष देण्यात अर्थ नाही, दर ठरवणाऱ्याने अंतर धरलेले नाही.

एवढ्या बारकाईने लिहायचे कारण असे की या एका नोंदीवर आता जवळपास सगळे टांगलेले आहे. विमा काढलेले पीक आणि ई-पीक पाहणीतले पीक जुळले नाही तर पाहणीतली नोंद अंतिम धरतात. सोयाबीन, तूर, कापसाची हमीभाव खरेदी याच नोंदीवर. पंचनाम्याच्या वेळीही हाच उतारा पुढे येतो. एक जबाबदारीची नोंद सगळीकडे चालावी, हे प्रशासनाच्या सोयीचे आहे, पण मग ती एक नोंद चुकली की माणूस सगळीकडूनच बाद होतो.

आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला ही नोंद स्वतःच्या नावाने करताच येत नाही. आमच्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे.

मराठवाड्यात बटईने किंवा ठोक्याने, विदर्भात मक्त्याने, पश्चिम महाराष्ट्रात वाट्याने किंवा खंडाने शेती करणारी कुटुंबे गावोगाव आहेत. त्यातली पुष्कळशी एखाद-दीड एकराची मालक असतात आणि दोन-तीन एकर दुसऱ्याची कसतात. बियाणे, खत, फवारणी, कर्ज आणि जोखीम त्यांची, सातबारा दुसऱ्याचा. लेखी करार जवळपास कुठेच नसतो आणि त्यामागे जुने, समजण्यासारखे कारण आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, मराठवाड्यात १९५० चा आणि विदर्भात १९५८ चा कुळकायदा. कागद केला की कसणाऱ्याचे कूळ लागेल, ही मालकाची भीती अजून गेलेली नाही. म्हणून व्यवहार पाडव्याला तोंडी ठरतो आणि पुढच्या पाडव्याला तोंडीच संपतो. एका शिवारात कसणारा सलग राहिला तर हक्क सांगेल, म्हणून काही मालक दर एक-दोन वर्षांनी माणूस बदलतात. त्यामुळे त्या जमिनीत कोणी शेणखत टाकत नाही की बांध घालत नाही, ही हानी वेगळीच.

कागद नसल्याचा परिणाम एका हंगामात कसा साचतो ते बघा. ई-पीक पाहणी मालकाच्या नावाने. शेतकरी ओळख क्रमांक मालकाचा. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मालकाला. अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यात. पीककर्जही मालकाला, त्यामुळे कसणारा कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराकडे. पीकविम्याला भाडेकरू शेतकऱ्याची दारे बंद नाहीत, पण नोंदणीकृत भाडेकरार मागतात. दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही बोगस विमे निघाले म्हणून ही अट आली, ते आम्हाला मान्य आहे. पण दुय्यम निबंधकाकडे येऊन सही करायला मालक तयार झाला असता, तर करार तोंडी राहिलाच नसता. बोगस अर्जदाराला थांबवणाऱ्या या अटीने खरा कसणाराही बाहेर राहिला.

जुन्या हस्तलिखित बाराच्या उताऱ्यात 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. नोंद नेहमी खरी असे असा आमचा दावा नाही. तरी जमीन कोण कसतो हा प्रश्न निदान कागदावर विचारला जात होता. आज हातात उपग्रह आहे, जीपीएस आहे, आधार आहे, आणि तो प्रश्न विचारणारा रकाना मात्र ॲपमध्ये नाही.

यावर मार्ग आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लागवडदार हक्क कायदा केला. त्यात ११ महिन्यांचा करार होतो, मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही असे कायद्यातच लिहिलेले आहे आणि कसणाऱ्याला पीककर्ज, विमा व नुकसानभरपाईसाठी कार्ड मिळते. तिथेही मालकाची सही लागते आणि तिथेच ते अडखळते, हे त्याचे वैगुण्य. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने तर बटईदार आणि भूमिहीन कुटुंबांनाही मदतीच्या कक्षेत घेतले. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. महाराष्ट्राने कायदा करेपर्यंतही एक गोष्ट शासन निर्णयाने होऊ शकते: ई-पीक पाहणीत 'या हंगामात कसणारा' असा रकाना, त्याखाली 'या नोंदीने कोणताही कूळहक्क निर्माण होत नाही' हे ठळक वाक्य, आणि त्या नोंदीचा उपयोग फक्त त्या हंगामाचा विमा, आपत्तीची मदत व हमीभाव खरेदी एवढ्यापुरता.

शेतकरी ओळख क्रमांकाकडे येऊ. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो बंधनकारक झाला. क्रमांक मिळवताना आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव संगणक जुळवून पाहतो. जुळणी कमी पडली की अर्ज महसूलच्या मंजुरीसाठी थांबतो. आता आमच्याकडचा सातबारा पाहा. त्यावर 'किसन पि. रामा' असते, आधारवर 'किशनराव रामराव' आणि पुढे आडनाव. बाईचे नाव 'गयाबाई भ्र. किसन' (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा) असे, आणि आधारवर माहेरच्या नावाने 'गवळणबाई'. अशा नावांत संगणकाला दोन माणसे दिसतात. लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात. त्यासाठी साधा अर्ज, आधारची प्रत, जुना फेरफार (जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाचा कागद) आणि नावाबद्दलचे शपथपत्र जोडावे. आधारवरचे नाव बदलायची घाई करू नये. ते बदलले की बँक, रेशन, शाळेचे दाखले अशी दुसरीकडे जुळणी बिघडते.

त्याहून अवघड प्रकरण 'एकुमॅ' नोंदीचे. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लागले, धाकट्यांची नावे आलीच नाहीत. तिघे भाऊ तीन चुली करून आपापला तुकडा कसतात. सरकारच्या लेखी शेतकरी एकच. बाप वारला आणि वारसनोंद झाली नाही तर एकही नाही, कारण मृताला ओटीपी येत नाही. एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेली 'जिवंत सातबारा' मोहीम याच दुखण्यावर होती आणि ती स्वागतार्ह होती. पण फेरफाराला नोटिशीचे १५ दिवस, हरकत आली तर आणखी महिने, आणि योजनेची मुदत तेवढ्यात निघून जाते. आमचे म्हणणे एवढेच की वारस फेरफार दाखल असल्याची पोच ही त्या हंगामापुरता तात्पुरता ओळख क्रमांक द्यायला पुरेशी धरावी.

विधवा शेतकरी स्त्रीची अडचण याच गाठीत आहे. सासरच्यांनी वारसनोंदीला हरकत घेतली, फोन दिराकडे, आधारला जोडलेला क्रमांक वारलेल्या नवऱ्याचा आणि रिचार्जअभावी बंद. या चारांपैकी एकही अडचण ॲप सुधारून सुटणारी नाही. तिला गावात येणारा माणूस लागतो.

आता महाडीबीटी. तिथे पूर्वी लॉटरी होती. २०२५ पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आले. लॉटरीत वशिल्याचा संशय घेतला जाई, म्हणून हा बदल अनेकांना बरा वाटला. पण ज्याच्या घरात स्मार्टफोन, वायफाय आणि कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली आहेत, त्याचा अर्ज पहिल्या तासात जातो. ज्याला आधी ओळख क्रमांकाची गाठ सोडवायची आहे, त्याचा महिन्याने. रांग तीच, फक्त रांगेत उभे राहायची वेळ परवडणारा पुढे.

त्याहून मोठा प्रश्न आधी भरायच्या पैशांचा आहे. ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकाला मिळून ८० टक्के अनुदान, इतरांना ७५ टक्के. कागदावर गरिबाला झुकते माप. प्रत्यक्षात पूर्वसंमती मिळाली की संच पूर्ण किमतीने घ्यायचा, जीएसटीचे बिल चढवायचे, मोका तपासणी (शेतावर येऊन पाहणी) व्हायची आणि मग अनुदान खात्यात. समजा मान्य खर्च ४० हजार आहे. स्वतःचा वाटा ८ हजार, पण आधी ४० हजार उभे करावे लागतात. वरचे ३२ हजार महिना तीन टक्क्यांनी आणले आणि अनुदान सहा महिन्यांनी आले तर ५,७६० रुपये व्याजात गेले. वर्ष लागले तर ११,५२०. म्हणजे स्वतःच्या वाट्यापेक्षा व्याज जास्त. अनुदान शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर निघते, बिलावर नाही, म्हणून प्रत्यक्ष बिल मोठे असेल तर तोही फरक अंगावर. हे गणित करता येणारा गरीब माणूस पूर्वसंमती रद्द होऊ देतो, आणि अहवालात तो 'लाभार्थी उदासीन' म्हणून दिसतो. शासनाकडे ई-रुपीसारखे व्हाउचर २०२१ पासून उपलब्ध आहे. एक हेक्टरखालच्या शेतकऱ्याने फक्त आपला वाटा विक्रेत्याला द्यावा आणि उरलेले व्हाउचर विक्रेत्याने तपासणीनंतर शासनाकडून वटवावे. वाट पाहण्याची जोखीम ज्याला पेलते, त्याने ती घ्यावी.

पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचे एक कारण फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून ते नीट सांगतो. थेट लाभ खाते क्रमांकावर जात नाही, आधारवर जातो. आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेत तुमचे आधार सर्वांत शेवटी जोडले गेले, त्या बँकेत तो पडतो. बँकेत 'आधार लिंक आहे' असे सांगतात, तेव्हा ते पुष्कळदा फक्त केवायसीपुरते असते. मधल्या काळात कोणी मोबाइल दुकानात किंवा बचतगटाच्या वेळी नवे खाते उघडले असेल, तर पैसे तिकडे गेलेले असतात, किंवा ते खाते व्यवहाराविना निष्क्रिय झाल्याने परत फिरलेले असतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' (थेट लाभासाठी आधार जोडणी) हा स्वतंत्र अर्ज मागावा आणि पोच घ्यावी. आठवड्याने आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक दिसते ते पाहावे.

हमीभावाच्या खरेदीत वेळ हाच पैसा ठरतो. २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि तारीख आरक्षित करणे आले. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. गर्दी टळते, हे खरे. पण पहिल्या वेचणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते, दुकानदार दारात असतो, आणि घरात कापूस ठेवायला जागा नसते. तारीख पंधरा-वीस दिवसांनंतरची मिळाली की तो कापूस खेडा खरेदीवाल्याकडे, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. पुढे तोच कापूस कोणाच्या तरी सातबाऱ्यावर हमीभावाने केंद्रावर पोहोचतो. आरक्षणाच्या तारखेसोबत बाजार समितीने तारण म्हणून काही रक्कम लगेच दिली, तर ही गळती थांबेल. शेतमाल तारण योजना राज्यात आहेच. तिला कापसाच्या या टोकनशी जोडायचे आहे.

पीकसल्ला आणि उपग्रहांबद्दल थोडक्यात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यात असे पंधरा ठिपके, त्यातले निम्मे बांधावर, झाडावर किंवा शेजाऱ्याच्या पिकावर अर्धे. उरलेल्यांत सोयाबीन आणि तूर मिसळलेली. वर जुलै-ऑगस्टचे ढग. मोठ्या सलग शेतासाठी ही चित्रे छान काम करतात. तुकड्या-तुकड्याच्या मिश्र पिकात ती अंदाज देतात. २०२३ च्या खरिपापासून केंद्राच्या विमा योजनेत उत्पादनाच्या अंदाजाला उपग्रहाचे वजन देण्यात आले आहे आणि महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून विमा केवळ उत्पादनावर आधारित झाला. ७२ तासांत नुकसान कळवण्याचा मार्ग तेव्हा त्यातून निघाला. अशा वेळी मंडळनिहाय पीक कापणी प्रयोगाची (निवडक शेतांत पीक कापून उत्पादन मोजण्याची) तारीख आणि जागा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलीच पाहिजे.

पर्जन्यमापकाचेही तसेच. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त नोंद झाली तर. राज्याचे क्षेत्र सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर आणि केंद्रे दोन हजारांच्या थोडी वर. एका यंत्रावर सरासरी दीडशे चौरस किलोमीटरचा भार. ढगफुटीसारखा पाऊस दोन गावांत कोसळतो आणि तिसऱ्यात शिंतोडे. त्यात यंत्राच्या नरसाळ्यात पाला, कोळ्याचे जाळे किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की पाणी हळूहळू झिरपते आणि आकडा कमी येतो. यंत्र झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवे. आपल्या मंडळातले यंत्र कुठे आहे ते ग्रामपंचायतीने मेअखेर जाऊन पाहावे, फोटो काढावा आणि अडथळा असल्यास तहसीलला लेखी कळवून पोच ठेवावी. ६२ मिलिमीटरची नोंद झाल्यावर तक्रार करून काही हाती लागत नाही.

बोंडअळीचा सल्ला मोबाइलवर येतो, पण गुलाबी बोंडअळी फोटोत दिसत नाही. बोंड बाहेरून हिरवेगार असते. एकरी वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी सापडली, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. हे हाताने करायचे काम आहे. आणि ते करून वेळ कळली तरी, उधारीवर औषध घेणाऱ्याला दुकानदार देईल तेच फवारावे लागते. त्याला सल्ल्याआधी वेळेवर, रास्त व्याजाचे दोन-तीन हजार रुपये मिळायला हवेत.

उलट मोटारीचा मोबाइल ऑटो, म्हणजे विहिरीची मोटार फोनवरून चालू-बंद करणारे यंत्र पाहा. कोणत्याही मोहिमेशिवाय तो गावोगाव पसरला. रात्रीच्या विजेला अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जावे लागत नाही, एवढा एक लाभ लगेच हातात पडतो. दुरुस्ती तालुक्यात होते, आणि सिमचे रिचार्ज व ड्राय-रनची (पाणी नसताना मोटार बंद होण्याची) सेटिंग एवढेच सांभाळावे लागते. गरीब माणूस तंत्रज्ञानाला घाबरतो, हा समज त्यावरून तरी सोडावा.

शासनाकडे आमची मागणी अशी आहे. 'महाॲग्री-एआय'च्या त्या ५०० कोटींतला ठरावीक हिस्सा गावातल्या माणसांवर खर्च व्हावा. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या कृषी सखींना नोंदीमागे मोबदला देऊन ई-पीक पाहणी, ओळख क्रमांक आणि आधार सीडिंगची कामे वस्तीवर करू द्यावीत आणि ओढ्यापलीकडच्या प्लॉटला जास्त दर द्यावा. फेटाळलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण मराठीत, लेखी आणि कोणाकडे दाद मागायची त्या पदनामासह मिळावे. 'प्रलंबित' एवढा शब्द पुरेसा नाही. आणि पीक पाहणीची मुदत संपण्याआधी आठ दिवस प्रत्येक गावात तिचे चावडी वाचन व्हावे. गटवार पीक मोठ्याने वाचले की कोणाची तूर राहिली, कोणाचा गट दुसऱ्याच्या नावाने लागला आणि कोण खरोखर कसतो, हे अर्ध्या तासात बाहेर येते. महसुलाला हा प्रकार नवा नाही.

शेवटी आपल्या शहरी वाचकांना एक विनंती. पुण्या-मुंबईत, परदेशात असलेल्या अनेकांची नावे गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत आणि जमीन दुसरा कसतो. पेरणीआधी त्याच्याशी साध्या कागदावर एवढे लिहून ठेवा: गट क्रमांक, क्षेत्र, हंगाम, पीक, विम्याचा हप्ता कोण भरणार, भरपाई व आपत्तीची मदत तुमच्या खात्यात आली तर ती किती दिवसांत त्याला देणार. ऑगस्टमध्ये पीक पाहणीची नोंद त्याच्याकडून करून घ्या, ओळख क्रमांकाचा ओटीपी त्याने मागितला तर त्याच दिवशी चौकशी करून उत्तर द्या, आणि खात्यात अनुदानाचा संदेश आला की ते पैसे कोणत्या पिकाचे आहेत ते त्याला फोन करून विचारा.

आपले,
शेती व महसूल नोंदींच्या कामाशी संबंधित काही वाचक,
हिंगोली